नोरीनने निवडलेलं घर

क्लिफर्डचा हात भाजल्याचा फोन आला तेव्हा नोरीन पार्लरमध्ये बसली होती. ओल्या केसांनीच टॅक्सी करून ती हॅलिवेलबाईंकडे धावली.

इंग्लंडातल्या फ्लीटवूडला समुद्राकाठच्या एका जुन्या घरात हॅलिवेलबाई सहा जणांना सांभाळत. सगळे क्लिफर्डसारखेच, वयाने वाढलेले पण लिहिणं-वाचणं, व्यवहार न उमजणारे. आई गेल्यावर नोरीननेच धाकट्या भावाला तिथे ठेवलं होतं. घरात सदा पसारा. जिन्यावरचा गालिचा विरलेला, खिडक्यांवर खाऱ्या वाऱ्याची पुटं, स्वयंपाकघरात कुत्रं लोळतंय.

"सगळ्यांचा चहा रोज तोच करतो," हॅलिवेलबाई म्हणाल्या. "आज किटली निसटली."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"शेजारीच बटाटे सोलत होते हो. लगेच हात नळाखाली धरला."

क्लिफर्ड पट्टी बांधलेला हात मिरवत होता. "नोरीन, बस ना. चहा टाकतो."

"तू गप रे!"

महिन्याभरात तिने त्याला ब्लॅकपूलच्या बाजूला एका नव्याकोऱ्या निवासात हलवलं. तिथे लिफ्ट होती, प्रत्येकाला वेगळी बाथरूम होती, तपासणीत मिळालेला 'उत्तम' शेरा दारातच टांगलेला होता. स्वयंपाकघराला मात्र कुलूप. चहा ढकलगाडीवरून यायचा, दूध-साखर आधीच घातलेला.

"राजासारखा राहतो. इकडची काडी तिकडे करावी लागत नाही," नोरीन शेजारणीला कौतुकाने सांगायची.

पहिल्या हिवाळ्यात क्लिफर्ड त्या बंद दाराशी जाऊन उभा राहायचा. पुढे खुर्चीतून उठेनासा झाला. कामाची माणसं सारखी बदलत. एकदा नोरीनसमोरच एका मुलीने त्याला "क्लाइव्ह" म्हणून हाक मारली. त्याने निमूट ओ दिली.

"अगं, क्लिफर्ड नाव आहे त्याचं!"

"हो का? मी नवीन आहे ना. पण फार गुणी आहेत हो. त्रास म्हणून नाही."

त्रास नाही! शर्टाची बटणं स्वतः लावू दिली नाहीत म्हणून आईशी अख्खी सकाळ भांडणारा क्लिफर्ड तो हाच. नोरीन तडक व्यवस्थापकाकडे गेली.

"त्याला निदान कपबश्या तरी विसळू द्या."

"कसं शक्य आहे, मॅडम? त्याला स्वयंपाकघराजवळ फिरकू देऊ नका, असं तुम्हीच बजावलं होतंत."

मग ती हॅलिवेलबाईंकडे गेली. क्लिफर्डच्या खोलीत आता प्रेस्टनचा एक गृहस्थ होता. त्यालाही दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी टोमणा मारला असता तर नोरीनला बरं वाटलं असतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "चूक माझीही झाली. त्या दिवशी मी तुमच्याशी भांडायला हवं होतं."

जागा रिकामी होईल तेव्हा कळवायचं, असं ठरलं. पण त्याआधी बाईंचे गुडघेच गेले. त्यांनी घर विकलं आणि तिथली माणसं चार गावांत पांगली. नोरीनने इतर ठिकाणीही खेटे घातले. कुठे जागा नव्हती, कुठे याहून वाईट कळा होती.

आता दर रविवारी ती त्याला फिरायला नेते. तो कोट घालून तयार बसलेला असतो. कुठे जायचं, ते विचारत नाही.