एसटीच्या दिव्याची लाल काच
मी शिकलो ते माझ्या वडिलांमुळे, आबांमुळे. ते रत्नागिरीच्या डेपोत गाड्या धुवायचे, आणि एसटीचा मागचा लाल दिवा दिसला की मला कॉलेजातलं ते विज्ञान प्रदर्शन आठवतं. तिथे निवडलेला प्रयोग मुंबईला जाणार होता. माझ्या प्रयोगात काचेच्या तंतूतून लाल प्रकाशावर आवाज जायचा, पण ट्यूबलाइटचा उजेड मिसळला की स्पीकर घरघरायचा. म्हणून प्रकाश टिपणाऱ्या सेलपुढे मी आबांनी आणलेला फुटक्या दिव्याचा लाल तुकडा लावला होता. शेजारच्या खोलीतून आबा माइकवर बोलले, “बाला, आयकू येतंय काय रं?” शब्द स्वच्छ आले. “आयकू येतंय काय रं!” परीक्षकांनी नक्कल केली. “एसटीच्या ढुंगणाची काच लावून विज्ञान करतोस होय?” त्यांनी तुकडा उपटून खिडकीबाहेर भिरकावला आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले. हॉल खदखदत होता, आणि घरघरीतून आबा विचारतच होते, “बाला, हायस ना?” पुढे टेलिफोन खात्यात लागलो तेव्हा मी त्यांना लिहिलं, “आबा, नको तो उजेड अडवायला इथल्या यंत्रातही रंगीत काच असते. त्या दिवशी मधली भिंत पातळ होती. तुम्हाला सगळ्यांचं हसणं ऐकू येत होतं ना? तरी का बोलत राहिलात?”