जुनिपरची फांदी

गोव्यातल्या मित्राच्या भट्टीत जिन गाळायची होती. जुनिपरच्या फळांशिवाय जिन होत नाही. ती फळं घेऊन थेट हिमाचलातल्या स्पितीहून दोर्जे नावाचा माणूस आला होता. पोतं उघडलं आणि राळेसारखा गार, कडवट वास पसरला. फळं निवडताना हाताला काटक्या लागत होत्या, कच्ची हिरवी फळंही. पिकायला दोन-दोन वर्षं घेणारं हे फळ. इथे तर पुढच्या वर्षाचंही ओरबाडून आणलेलं.

“आता फांद्याच तोडतात,” दोर्जे हिंदीत म्हणाला. “आमच्याकडे माणूस गेला की याचीच फांदी पेटवतात. धुराने त्याची वाट शुद्ध होते. वडील गेले तेव्हा गावात फांदी मिळाली नाही.”

भट्टी लागल्यावर मित्राने पहिली धार ओतून टाकली. ती विषारी असते. मग स्वच्छ थेंब पडू लागले. एखाद्या गावाचा धूरसुद्धा असा थंड करून बाटलीत भरता येतो तर! मी घोट घेतला. चव उत्तम होती, हेच वाईट.

निघताना दोर्जेने फळांतून निवडून टाकलेल्या कचऱ्यातली एक फांदी उचलून रुमालात गुंडाळली.

“आता कशाला?” मी विचारलं.

“आई आहे ना अजून.”