गडमुडशिंगीचे दोन आकाराम

रूपाली गडमुडशिंगीची. आमच्या दूध संस्थेत संगणकाचं सगळं तिच्याकडं. मी शेजारच्या टेबलावर फोन घेतो. पूर्वी जनावर आजारी पडलं की लोक मला फोन करायचे आणि मी वहीत लिहायचो. ती वही रूपालीनं बंद पाडली, याचा मला रागच होता.

तिनं क्लाउडवर एक फंक्शन, म्हणजे छोटा प्रोग्राम, बसवलं होतं. त्याला स्वतःचा सर्व्हर लागत नाही. शेतकऱ्यानं मोबाईलवर फॉर्म भरला की ते जागं होतं, डॉक्टर अमरसिंहांच्या कॅलेंडरात भेट नोंदवतं, ऑफिसच्या चॅटवर निरोप टाकतं आणि गप्प पडतं. आमचे लोक उतावळे. एकदा बटण दाबून थांबतील तर शपथ. म्हणून तेच नाव, तेच गाव अर्ध्या तासात पुन्हा आलं तर दुबार समजून सोडायचं, असं तिनं त्यात लिहिलं होतं.

मंगळवारी सकाळी साडेदहाला धोंडुबाईंचा फोन आला. "डॉक्टर कुठं हाईत? नऊला मालकांच्या नावानं फारम भरलाय. म्हस अडलीया, रेडकाचा पाय भाईर आलाय."

कॅलेंडरात नोंदच नव्हती. रूपालीनं फंक्शनचा लॉग, म्हणजे त्यानं केलेल्या कामाची नोंद, उघडला. आकाराम पाटील, गडमुडशिंगी. दुबार, वगळले.

"ह्यो माळावरचा आकाराम, धोंडुबाईंचा मालक," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला. गावातल्या आकाराम पाटलानं दहाच मिनिटं आधी ताप आलेल्या गाईसाठी फॉर्म भरला होता. डॉक्टर ती गाय बघून मुरगूडच्या वाटेला लागले होते. मी असतो तर आधी 'कुठला आकाराम?' असं विचारलं असतं, पण ते ऐकवायची ही वेळ नव्हती.

डॉक्टर गाडी चालवत होते, फोन उचलेनात. रूपाली लावतच राहिली. इकडं धोंडुबाई मला सांगत होत्या, म्हस बसली, आता मान टाकली. पाचव्यांदा डॉक्टरांनी उचलला आणि कागलमधून गाडी वळवली.

म्हस वाचली, रेडकू गेलं.

मॅनेजर उदयसिंह रूपालीजवळ आले. "नेट गेलतं म्हणून सांग. नोकरीचा प्रश्न हाय तुझ्या."

तिनं त्यांच्यासमोरच फोन लावला. "मावशी, नेट चालू हुतं. तुमचा फॉर्म माझ्या फंक्शननं सोडला. चूक माझी हाय."

धोंडुबाई म्हणाल्या, "तू ह्याच गावची पोरगी. हितं दोन आकाराम हाईत, तुला ठावं न्हवतं व्हय?"

"ठावं हुतं, मावशी," रूपाली म्हणाली.