त्यांना माझा फक्त हात हवा होता

"हाथ ऐसे ही रखिए, हिलाइएगा मत," मेकअपवाला म्हणाला. मी हात हलवला नाही.

लखनौच्या विकास नगरमधल्या एका कोठीसमोर व्हॅनिटी व्हॅन उभी होती. व्हॅनिटी व्हॅन म्हणजे आतून मेकअप रूम केलेली बस. आरसे, दिवे, एसी. मी आत स्टुलावर बसले होते, डावी बाही कोपराच्या वर सरकवलेली. शेजारी आरशासमोरच्या मोठ्या खुर्चीत मुंबईहून आलेल्या एक गोऱ्यापान बाई बसल्या होत्या. त्यांचा चेहरा तुम्ही पाहिलेला आहे, नाव सांगत नाही. मेकअपवाला त्यांच्या गालावर तपकिरी फाउंडेशनचा पट्टा ओढायचा, माझ्या हाताकडे बघायचा, नाराजीने मान हलवायचा, थोडा काळपट रंग मिसळायचा आणि पुन्हा पट्टा ओढायचा. चौथ्या पट्ट्याला तो म्हणाला, "अब आ रहा है."

मला वाटलं, या बाई सिरीजमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचं काम करत असतील. एका घरातली माणसं एका रंगाची दिसावीत, असा विचार असेल. तीस वर्षं अभिनयाच्या धंद्यात काढलेल्या बाईला असं वाटलं. आजही आठवलं की स्वतःला दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

मी लखनौचीच. बाबा वर्ध्याहून आलमबागच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरीला आले आणि आम्ही पुढे तेलीबागेत घर केलं. नाटकात मी वकील झाले, राणी झाले, एकदा तर म्हातारा न्यायाधीशही झाले. स्टेजवर कुणी माझा रंग विचारला नाही. कॅमेऱ्यासमोर मात्र पहिल्या दिवसापासून माझ्या हातात चहाचा ट्रे आहे. टीव्ही मालिकांत ट्रे, आणि सिनेमावाले शूटिंगला लखनौला यायला लागले तेव्हा सिनेमातही ट्रे. याला 'लोकल कास्टिंग' म्हणतात. मोठी माणसं मुंबईहून विमानाने येतात आणि मोलकरीण, भाजीवाली, रडणारी शेजारीण इथे गोळा करतात.

कामाच्या ठिकाणी मी नुसतं 'सुजाता' नाव लावते, आडनाव नाही. मराठी आहे हेही सांगत नाही. सांगितलं की लगेच समोरचा भुवया वर करतो, "फिर आपकी अवधी असली कैसे?" अवधी मी तेलीबागेतल्या शेजारणींच्या ओट्यावर शिकले, घरातल्या मराठीइतकीच ती माझी आहे. पण ऑडिशनला हे कुणाला समजावत बसणार?

या वेब सिरीजमध्ये रामरती नावाची दाई होती. गावात बाळंतपणं करणारी म्हातारी, आठ सीन. त्यात एक अख्खं बाळंतपण तिच्या एकटीच्या जिवावर. ट्रे कुठेच नाही. ऑडिशन झाल्यावर डायरेक्टर मुग्धा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलगी, उठून माझ्या गळ्यात पडली. "आप ही रामरती हैं. लॉक!" लॉक म्हणजे पक्कं झालं, आता दुसऱ्या कुणाला बघणार नाही. काँट्रॅक्टचं विचारलं तर इथले कोऑर्डिनेटर, म्हणजे लोकल कलाकार पुरवणारे शुक्लाजी म्हणाले, "बन रहा है, आप तैयारी कीजिए."

केली तयारी. रायबरेली रोडने पुढे गेल्यावर एक खेडं आहे, तिथे खरी दाई शोधून काढली. आता तिला दिसत नाही, पण हात अजून सगळं सांगतात. तीन आठवडे मी तिच्याकडे जात होते. बाळाचं डोकं कसं झेलायचं, नाळ कुठे धरायची, बाई किंचाळायला लागली की आवाज चढवायचा नाही, उलट उतरवायचा. ती एक वाक्य बोलायची, "हाथ ढील छोड़ि देव बिटिया, अब हमार काम है." स्क्रिप्टमध्ये असलं काही नव्हतं. मी ते बाळंतपणाच्या सीनमध्ये घातलं.

मग मुग्धाचा मेसेज आला, आठही सीन आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, रिहर्सलला बरं पडेल. पंखा बंद करून, दारंखिडक्या लावून, घामाघूम होत मी आठ सीन रेकॉर्ड केले. जिथे थांबायचं तिथे थांबून, जिथे श्वास घ्यायचा तिथे घेऊन. पाठवून दिले. उलट तिचे बदाम आले, लाल लाल. त्यानंतर हा निरोप, लुक टेस्टला या. लुक टेस्ट म्हणजे शूटिंगच्या आधी पात्राचा मेकअप, कपडे, केस करून बघणं.

तर मी स्टुलावर. बाईंच्या कानात इयरफोन होते आणि डोळे मिटून त्या काहीतरी पुटपुटत होत्या. मी सहज कान दिला.

"हाथ ढील छोड़ि देव बिटिया..."

जे वाक्य कुठल्याही कागदावर नव्हतं, ते त्यांच्या तोंडात होतं. ते फक्त माझ्या रेकॉर्डिंगमध्ये होतं.  तरीही हात मी तसाच धरून ठेवला होता, हे लिहायला लाज वाटते.

तेवढ्यात मुग्धा आत आली. मला हात जोडून "नमस्ते सुजाता जी" केलं आणि मेकअपवाल्याशी मराठीत सुरू झाली. अगदी माझ्या डोक्यावरून.

"बाळूदादा, झालं का मॅचिंग?"

"होतंय. हिचा रंग एकदम करेक्ट आहे. घामाला टिकला म्हणजे झालं."

"हाताचा फोटो काढून ठेव. रोज रोज हिला कुठे बोलवायचं?"

"हिला सांगितलंय ना रोल गेला ते?"

"अजून नाही. शुक्लाजी सांगतील. तिला लँग्वेज कोच करतोय ना आपण, लाँग शॉटला बॉडी डबलही होईल. इथल्या लोकांना तेवढंही खूप असतं."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ती मला त्या दिवशी कळली. मी हात मागे घेतला, बाही खाली ओढली आणि म्हणाले, "मॅडम, इथल्या लोकांना मराठीही येते."

बाळूदादाच्या हातातला स्पंज खाली पडला. आणि मुग्धा काय म्हणाली असेल? "अय्या, तुम्ही मराठी आहात? आधी का नाही सांगितलंत?"

म्हणजे चूक माझीच! आधी सांगितलं असतं तर ती दोघं बाहेर जाऊन बोलली असती, एवढाच काय तो फरक.

"रोल कोणाचा आहे?" मी विचारलं.

"ताई, प्लीज समजून घ्या. प्लॅटफॉर्मला फेस हवा होता." प्लॅटफॉर्म म्हणजे सिरीज दाखवणारी कंपनी, आणि फेस म्हणजे लोकांना आधीच माहीत असलेला चेहरा. "मला पर्सनली तुम्हीच हव्या होतात. मी खूप फाइट केली."

"मला कधी सांगणार होतात?"

"शुक्लाजी तुमच्याशी..."

"रोल द्यायला तुम्ही, गळ्यात पडायला तुम्ही, आणि नाही म्हणायला शुक्लाजी?"

ती बाळूदादाकडे बघायला लागली.

"आणि चेहरा हवा होता, तर हा चेहरा लिंपताय कशाला? काळी बाईच दाखवायची आहे ना? ती तुमच्यासमोर बसलीय. रंग माझा, आवाज माझा, वाक्य माझं. मग मी नको, असं माझ्यात काय आहे ते तरी सांगा."

"असं नाहीये ताई, तुम्ही चुकीचं घेताय."

बाईंनी इयरफोन काढले. "क्या हुआ?" मी त्यांना हिंदीत सगळं सांगितलं, एक शब्दही न गाळता. त्यांचे डोळे मोठे झाले. "ओ गॉड, मुझे सच में नहीं पता था. आय ॲम सो सॉरी." माझा विश्वास बसला, त्यांना खरंच माहीत नसावं. पण आता तर माहीत झालं होतं ना? तरीही त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. अर्धा गाल माझ्या रंगाचा, अर्धा त्यांच्या, तशाच बसून राहिल्या.

बाळूदादाने माझ्या हाताचे दोन फोटो काढून ठेवलेच होते. ते मी माझ्यासमोर डिलीट करायला लावले. रेकॉर्डिंगचं विचारलं तर कळलं, ते ग्रुपवर टाकलंय, कुणाकुणाकडे आहे सांगता येत नाही. फोटो पुसता येतो. आवाज एकदा हातातून गेला की गेला.

"कोचचं तरी प्लीज करा ना," मुग्धा म्हणाली.

"ज्यांनी माझ्या तोंडाला पानं पुसली, त्यांना मी बोलायला शिकवू?" एवढं म्हणून मी खाली उतरले. आलमबागपर्यंत मेट्रोत बसले होते की उभी होते, आठवत नाही.

घरी पोचायच्या आत शुक्लाजींचा फोन. "सुजाता जी, ऐसे मौके रोज़ नहीं आते. थोड़ा एडजस्ट कर लेतीं." मी त्यांना जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

बाबांना सांगितलं. ते ऐंशीच्या पुढचे, ऐकायला कमी येतं, पण सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "लेखी होतं का काही?"

"नाही."

"मंग कायले भांडतं?" म्हणाले आणि कुशीवर वळले. जन्मभर वर्कशॉपमध्ये साहेबांकडून एकेक ओळ लेखी घेऊन बढती मिळवलेला माणूस. मला त्यांचाही राग आला, कारण ते बरोबर होते.

भाची म्हणाली, "मौसी, सब इंस्टा पे डाल दो ना, नाम के साथ." नाही टाकलं. उगाच शूर असल्याचा आव आणत नाही, घाबरले. नाव घेतलं असतं तर इथलं उरलंसुरलं कामही गेलं असतं. त्या घाबरण्याचा राग अजून गेलेला नाही.

महिनाभराने मुग्धाने स्वतः फोन केला. आता मी 'सुजाताताई' झाले होते. बाळंतपणाचा सीन जमत नव्हता. बाईंच्या हातात बाळाची बाहुली दिली की त्या ती पर्ससारखी धरायच्या. "इन्सर्ट घ्यायचेत ताई. फक्त हात. चेहरा दिसणार नाही." इन्सर्ट म्हणजे एखाद्या वस्तूचा किंवा अवयवाचा जवळून घेतलेला तुकडा, तो मध्ये जोडला की बघणाऱ्याला वाटतं, सगळं त्याच नटीने केलं.

"शेवटी नावं येतात त्यात माझं नाव येईल?"

"हातांचं नाव देत नाही ना आपण..."

"मग हात पण नाही."

"ताई, सीन मरेल हो."

"मरू दे," म्हणाले आणि फोन ठेवला. मला सीनचं वाईट वाटलं. खरं सांगते, फार वाईट वाटलं. तो सीन मी तीन आठवडे अंगात वागवला होता.

सिरीज आली. बाळंतपणात हात दिसतच नाहीत, नुसता बाईंचा घामेजलेला चेहरा आणि मग एकदम धुतलेलं, गुबगुबीत बाळ. लोकांनी डोक्यावर घेतली. 'काय ट्रान्सफॉर्मेशन!' एका मुलाखतीत बाईंना विचारलं, ही भाषा कुठून आणलीत? त्या म्हणाल्या, "मैं गाँव की औरतों को सुनती रही." गावातली औरत म्हणजे मी, आणि गाव म्हणजे त्यांच्या फोनमधली फाइल. ट्रेलर संपतो तो माझ्या वाक्यावर. नाळेवर आयुष्य काढलेल्या त्या आंधळ्या म्हातारीच्या, खरं तर. तिचंही नाव मी कधी कुणाला कळवलं नव्हतं, हे मला ट्रेलर बघताना सुचलं आणि मी टीव्ही बंद केला.

आता कोणीही नवी मुलगी विचारते, तेव्हा मी दोनच गोष्टी सांगते. सही होईपर्यंत आवाज पाठवू नकोस. आणि लुक टेस्टला बोलावलं की आधी विचार, कोणाची?

कोऑर्डिनेटर लोकांकडे कलाकारांची यादी असते. फोटो, वय, उंची, रंग आणि शेवटी शेरा. शुक्लाजींच्या ऑफिसात परवा ती स्क्रीनवर उघडी होती, मी वाकून बघितली. माझ्या नावापुढे इतकी वर्षं 'एडजस्टिंग' होतं म्हणे. आता लिहिलंय, 'टेंपर है. काग़ज़ माँगती है.'

"ये हटा दूँ?" शुक्लाजींनी ओशाळून विचारलं.

"रहने दीजिए," मी म्हणाले, "पहिल्यांदाच माझ्याबद्दल काहीतरी खरं लिहिलंत." त्यांना मराठी कळली नाही. मी समजावूनही सांगितलं नाही.