चतुर्थीची भरती

त्या बाईच्या गाडीच्या सायलेन्सरात पाणी शिरलं नि गाडी बंद पडली, तिला धरायला आमचे हे उतरले ते थेट मांडीपर्यंत चिखलात गेले, नि मी बांधावर आठ महिन्यांची पोर कडेवर घेऊन उभी. पाणी भरत होतं. खाडीचं पाणी चढताना आवाज करत नाय. ती बाई हँडल सोडायला तयार नाय, नि हे तिला सोडायला तयार नायत.

"गाडी सोडा," मी ओरडले. "गाडी सोडा नि आडवे व्हा."

कोण ऐकतंय. मंग मी बाबांच्या मिठागराकडे पळत सुटले. पोर रडत होती, पायात चप्पल नव्हती, नि डोक्यात एकच, हे मी केलंय.

कसं झालं ते सांगते. आमचे हे पेणला रामवाडीत, हायवेच्या कडेला गॅरेजात कामाला. मूळचे रोह्याजवळ वरसे गावचे, म्हणजे भाताच्या नि वालाच्या शेतीतले, खाडीशी त्यांचा संबंध नाय. त्या वर्षी मुंबईचा एक माणूस बुलेटवाल्यांना आडवाटेने फिरवायचा धंदा घेऊन आला. त्याला वाट दाखवणारा पाहिजे होता, त्याने ह्यांना घेतलं. महिन्यातले दोन रविवार सहा-सात बुलेटी, नि पुढे ह्यांची राजदूत. पेणवरून निघायचं, संध्याकाळी रोह्याला पोचायचं, पण हायवेने नाय. बांधावरून, माळावरून, नदीतल्या दगडांतून. मधे डांबरी लागली की त्या लोकांची तोंडं पडायची. माझ्या माहेरी डांबर यावं म्हणून बाबांनी पंचायतीत किती खेपा घातल्या, पावसात बाळंतीण डोलीतून काढावी लागते, नि ही माणसं लांबून येऊन खड्डे मागतात. हे मात्र खूष. "सोप्प्या रस्त्याने कोण पण जाईल गो, त्याला मी कशाला पाहिजे," असं म्हणायचे.

माझ्या वाट्याला सोप्पाच रस्ता. माहेरी जायचं तर यष्टी. "गचके बसतील, पोर लहान हाय, तू यष्टीने जा." लग्नाला दोन वर्षं झालेली, ह्यांच्या मागे मी तीनदा बसले असेन, त्यातली एक खेप दवाखान्याची.

नि ती बाई. सगळ्या बाप्यांत एकटी. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. पायात मोठे बूट, केस मानेवर कापलेले, तिसऱ्यांदा आलेली. ह्यांना नावाने हाक मारायची. मी ह्यांचं नाव उखाण्यात घेतलंय तेवढंच. ती चिखलात पडली की हे हसत उचलायचे, "क्लच हळू सोडा, घाबरू नका, मी हाय." मी हाय, असं मला बाळंतपणात पण म्हणाले नव्हते.

त्या रविवारी सगळ्यांचं जेवण माझ्या माहेरी होतं. मी पोरीला घेऊन आदल्या दिवशीच यष्टीने आले होते. मी नि आईने तांदळाच्या भाकऱ्या नि वालाचं बिरडं केलं. ती अंगणात मांडी घालून जेवली, नि मला म्हणाली, "वहिनी, तुम्ही कधी येत नाही यांच्याबरोबर?"

"पोर हाय," मी म्हणाले.

"आईकडे ठेवा की. एक दिवस चला, मजा येते."

आई पण म्हणाली, "जा की गो, मी बघते पोरीला."

तर हे भाकरी मोडता मोडता म्हणाले, "तिला नाय जमायचं. ती जत्रेतल्या पाळण्यात बसली तरी डोळे मिटते."

सगळे हसले. ती पण हसली. खोटं नाय, घाबरते मी. पण ते तिच्यापुढे सांगायची काय गरज होती.

मंग हे पाणी प्यायला आत आले नि चुलीपाशी हळूच इचारलं, "फाट्यातून कितीपर्यंत पार होता येईल गो?" फाटा म्हणजे खाडीचा बारका हात, आमच्या बांधावरून पलीकडच्या बांधाला जाताना मधे लागतो. ओहोटीला घोटाभर पाणी असतं, गाडी निघते. ह्यांना भरती कळत नाय, दर खेपेला मलाच इचारायचे. मिठागराच्या घरात हे पोरीबाळींना पाठ असतं, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन, तीनला भरती पुरी. अशा दिवशी अकरानंतर फाट्यात कोण पाय घालत नाय. त्या दिवशी संकष्टी, माझा उपास, तिथी इसरायचा प्रश्नच नव्हता. नि साडेबारा होऊन गेलेले.

"एक वाजेपर्यंत जा आरामात," मी म्हणाले.

देवाशप्पथ सांगते, कुणाचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं. मला वाटलं, फाट्यावर जातील, पाणी दिसेल, नि मुकाट मागे फिरून डांबरी धरतील. जाऊ दे तिला पण एकदा सोप्प्या रस्त्याने. आमच्यात पाणी दिसलं की माणूस थांबतो, म्हातारा असो नायतर पोर. पाणी बघून कोण आत जाईल, हे माझ्या डोक्यात आलंच नाय.

मी मागोमाग बांधावर गेले, तिचं पडलेलं तोंड बघायला. पाणी गुडघाभर झालेलं. मुंबईवाला म्हणाला, "परत फिरू." हे पण थांबले. मला बरं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "परत फिरायचं होतं तर घरीच बसले असते," नि गाडी घातली.

बाबा नि मिठागरावरचे दोघे दोर घेऊन धावले. बाबांनी लांबूनच दम भरला, "उभं राहायचं नाय, पोटावर पडा." हे पडले, तिला पण पाडलं, दोर काखेखालून घेतला, नि ओंडके ओढावे तसं दोघांना बांधावर ओढलं. गाडी पाण्याखाली गेली, ती दिवेलागणीला पाणी उतरल्यावर काढली.

ती चिखलातून उठून बसली. मंग हसायला लागली, ह्यांचा चिखलाचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "यासाठीच येते मी." ह्यांचा श्वास चालतोय एवढं बघितलं, नि दुसऱ्या क्षणाला मी तिचे हात बघत होते. अशी मी.

बाबा माझ्याकडे वळले. "आज चतुर्थी, गो. याला येळ कोणी सांगितली?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "मीच मोजली, मामा. चुकली."

मुंबईवाल्याने ह्यांना तिथंच सांगितलं, पुढच्या खेपेपासून येऊ नका. आता रविवारी हे घरी असतात, पोरीला खांद्यावर घेऊन फिरतात, मला पाहिजे होतं तेच झालं. पण हायवेवरून बुलेटींचा आवाज आला की बोलणं अर्धं टाकून दारात जातात.

त्या दिवसाबद्दल एकदाच बोलले. "मामांपुढे तुझं नाव कशाला घ्यायचं? सहावी नापास तू, पाऊणपट चुकली असेल." नि मायेने डोक्यात टपली मारली.

"व्हय," मी म्हणाले, "चुकली."

पोर आता बालवाडीत जाते, नि ह्यांना अजून तसंच वाटतं. सांगितलं तर त्यांना कळेल की त्यांचं आवडीचं काम माझ्या जळण्याने गेलं, नि ती दोघं जीवानिशी जाता जाता राहिली. नाय सांगितलं तर हे मला भोळी समजून जीव लावतात, नि तो मी चोरल्यासारखा घेते. माझ्या जागी तुमी असतात तर काय केलं असतं?