चार प्लग आणि आईचं बोट

माझ्या वजनाचा या जगात कुणी सत्कारणी उपयोग केला असेल, तर तो अण्णानं. अण्णा माझा थोरला भाऊ. जन्मभर इंजिनियरिंग कॉलेजात शिकवलं, निवृत्त झाला आणि निरोपाच्या शालीची घडी मोडायच्या आत विमान बांधायला घेतलं. मी धारवाड कोर्टातला वकील. विमानातलं मला ओ की ठो कळत नाही. पण दोरांनी बांधलेल्या विमानाचं इंजिन पूर्ण जोरात चालवलं की शेपटी उचलली जाते आणि नाक मातीत घुसायला बघतं. म्हणून शेपटीला मिठी मारून पडणारा एक भारी माणूस लागतो. आमच्या घराण्यात त्या पदाला माझ्याइतका लायक उमेदवार नव्हता. वहिनी म्हणाली, "भावोजी, इतकी वर्षं वाढलं ते वाया नाही गेलं म्हणायचं."

विमान होतं अमरगोळच्या पलीकडं, अण्णाच्या एका मित्राच्या शेतातल्या शेडमध्ये. दोन माणसांचं, पांढरंशुभ्र, नाकाला पंखा. शेडपुढं सपाट केलेली लांब पट्टी. मिरचीचा हंगाम होता. मार्केट यार्डाकडून वारा सुटला की आम्ही दोघं आळीपाळीनं शिंकायचो, आणि पोती उतरवून मोकळे झालेले हमाल कुंपणाशी येऊन विचारायचे, "हारतैतेन्री?" उडतंय का, एवढंच त्यांना हवं होतं. मी शेपटीवर आडवा पडूनच, आता उडणारच की, असं कन्नडमध्ये ठोकून द्यायचो.

उडायचं राहू द्या, ते अजून स्वतःच्या चाकांवर एक हातभर पुढं गेलं नव्हतं. शनिवारी तपासणीचे साहेब बंगळूरहून येणार होते. त्यांच्यासमोर इंजिन पूर्ण जोरात, एकदाही न अडखळता चाललं, तर दोर सोडून पट्टीवर चालवून बघायला ते हो म्हणणार होते. अडखळलं तर नाही. आणि ते अडखळत होतं.

इंजिन हा अण्णाचा हट्ट. सगळ्यांनी सांगितलं होतं, विमानाचं तयार इंजिन आण. याला हवं होतं रोटरी, एका जुन्या जपानी मोटारीतलं. त्यात पिस्टन नाही, वरखाली होणारं काही नाही. एका डब्यात फुगीर बाजूंचा त्रिकोण गरगर फिरतो. असे दोन डबे, प्रत्येकाला दोन स्पार्क प्लग, एकूण चार. आईला त्यानं कागदावर काढून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे जातंच की." अण्णाला हे इतकं आवडलं की पुढं इंजिनाचं नावच जातं पडलं. शनिवारी जमलं नाही तर जातं काढून टाकतो आणि हा नादही सोडतो, असं तो त्या आठवड्यात जेवताना म्हणाला. आवाज न चढवता म्हणाला, म्हणून आम्ही घाबरलो. अण्णा चिडतो तेव्हा काळजी नसते.

बिघाड असा. कमी जोरात ते शिलाई मशीनसारखं सुरळीत चालायचं. मग अण्णा थ्रॉटल पुढं सरकवायचा, आवाज चढत जायचा, माझ्या शर्टाचा फुगा व्हायचा, उरलेसुरले केस मागं पळायचे, आणि आता हे खरंच उडणार असं वाटून अंगावर काटा येतोय तोच फट्. पुन्हा फट्, फट्. प्रत्येक फट् शेपटीतून सरळ माझ्या पोटात. पुढं डायल होते, सुया होत्या, पण पहिली खबर माझ्या पोटाला लागायची.

मी अण्णाला सांगितलं, ही फौजदारी केस समज, एकेका संशयिताची उलटतपासणी घे. पहिला संशय मिरचीवर. हवेच्या फिल्टरमध्ये तिखटाची धूळ बसली असणार, हा माझा सिद्धांत. फिल्टर बदलला. शिंका कमी झाल्या, फट् कमी झालं नाही. मग पेट्रोलची नळी, पंप, मग कॉइल, मग वायरी. प्लग तर अण्णानं आधीच बदलले होते, पुन्हा बदलले. प्रत्येक वेळी काढलेल्या प्लगचं आत जाणारं टोक भिंगातून बघायचा. टोक स्वच्छ. "प्लग निर्दोष," तो म्हणायचा आणि काढलेले एका डब्यात टाकायचा.

शुक्रवारी शेवटचा प्रयत्न म्हणून आणखी चार प्लग येणार होते. एरवी पार्सल घरी यायचं. या वेळी कुरियरवाल्याचा फोन आला की माणूस नाही, येऊन घेऊन जा. कोर्टातून परतताना मी कोप्पीकर रोडवर थांबून खोकं घेतलं आणि घरी न जाता तडक शेडवर गेलो. अण्णानं प्लग बसवले, वर वायरींच्या रबरी टोप्या दाबल्या. मी काळा कोट खुंटीला अडकवून शेपटीवर आडवा झालो.

थ्रॉटल पुढं गेलं. आवाज चढला, आणखी चढला. मी डोळे मिटून पोट आवळून घेतलं.

फट् आलंच नाही.

नुसती एकसंध गर्जना. शेडचे पत्रे थरथरत होते, दोर ताणून तारेसारखे झाले होते, कुंपणाशी हमाल हात वर करून नाचत होते आणि मी शेपटीवर पालथा पडून लहान पोरासारखा हसत होतो. इंजिन बंद झालं तेव्हा मी धावत पुढं गेलो. म्हटलं, झालं, सुटलो. अण्णाचा चेहरा मात्र पेपर तपासताना असायचा तसा.

"का चाललं?" तो म्हणाला.

मी म्हटलं, चाललं ना? निकाल आपल्या बाजूनं लागल्यावर मी न्यायाधीशांना कधी कारण विचारत नाही.

"फट् का गेलं ते कळलं नाही तर ते परत येणार. आणि त्या वेळी मी वर असेन."

तेवढ्यात आईचा फोन. पार्सल अजून आलं नाही, दुपारपासून मी वाट बघत्येय. मी म्हटलं, आई, प्लग बसवूनसुद्धा झाले. मग ती नाराजीनं म्हणाली, "तसेच? हळदकुंकू न लावता?"

आमच्या घरात नवी वस्तू देवापुढं ठेवून हळदकुंकवाचं बोट लावल्याशिवाय वापरायची नाही. फ्रिजला आहे, मिक्सरला आहे, माझ्या वकिलीच्या पाटीच्या कोपऱ्यात आहे. मी अण्णाकडं बघितलं. अण्णानं काढलेल्या प्लगच्या डब्याकडं. दोघंही एकदमच वाकलो आणि डोकी आपटली.

टोक आम्ही भिंगानं बघितलं होतं. वरचा पांढरा चिनी मातीचा भाग, जो रबरी टोपीखाली झाकला जातो, तो कुणीच बघितला नव्हता. बघितला नव्हता म्हणणंही खोटं. अण्णानं हातात धरून बसवला होता. पण जन्मापासून प्रत्येक वस्तूवर ते पिवळं-लाल बोट बघितल्यावर डोळ्याला ते वस्तूचाच भाग वाटतं. आता भिंग धरलं तर प्रत्येक प्लगवर वरपासून खालपर्यंत ओल्या हळदीचा पट्टा, आणि पट्ट्याच्या मधोमध केसासारखी जळकी काळी रेघ. इंजिनवर जोर आला की आत ठिणगी पडायला अवघड जातं. मग वीज बाहेरची सोपी वाट शोधते. ती वाट आईनं प्रत्येक वेळी आखून दिली होती.

"म्हणजे आपण साक्षीदार बदलत होतो," मी म्हटलं, "पण सगळ्यांना पढवणारं माणूस एकच."

अण्णा हसला नाही. डब्यातला एक हळदीचा प्लग परत बसवला आणि मला शेपटीवर पाठवलं. पूर्ण जोर. फट्, फट्, फट्. इतकं गोड फट् मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. प्लग काढला, नवा लावला, पुन्हा गर्जना. तेव्हा कुठं अण्णानं दोन्ही मुठी वर केल्या आणि मला अशी मिठी मारली की पांढऱ्या शर्टावर ग्रीसचे दोन पंजे उमटले.

राहिला प्रश्न आईला सांगायचा. वकील घरात असताना दुसऱ्यानं का बोलावं, असं म्हणून वहिनीनं मला पुढं केलं. रात्री जेवताना मी बरीच प्रस्तावना केली. तुझा हेतू शुद्ध होता, कायद्यात हेतूला फार महत्त्व असतं वगैरे. आईनं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं न बघता अण्णाला म्हणाली, "मी लावलं ते लावलं. बसवताना तुझे डोळे कुठं होते? एवढा मास्तर तू." अण्णा मान खाली घालून भात कालवत बसला.

शनिवारी आई शेडवर हजर, हातात तबक. तपासणीचे साहेब अबोल गृहस्थ होते. तबक बघून त्यांनी बूट काढले आणि बाजूला उभे राहिले. आईनं बोट हळदीत बुडवलं आणि चाकाजवळ नेलं. "इथं चालेल?" अण्णा म्हणाला, चालेल. मग पंखाशी. "आणि इथं?" चालेल. सगळं विमान तिनं असं विचारत विचारत पालथं घातलं. साहेबांचे बूट घालून झाल्यावर शेवटी तिनं पंख्याच्या टोपणाला, मधोमध नाही, जरा कडेला, कुंकवाचं ठसठशीत बोट उमटवलं.

मग साहेबांनी विचारलं, आधी अडखळत होतं ना, कारण सापडलं का? अण्णानं इंग्रजीत सांगितलं की प्लगवर बाहेरून घाण बसली होती. आईनं हळूच मला विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, "तुझं नाव घेतलं नाही."

मी माझ्या जागेवर गेलो. इंजिन सुरू झालं, जोर चढला, साहेब कानावर हात ठेवून ऐकत राहिले. माझं पोट वाट बघत होतं आणि पोटाला काही मिळत नव्हतं. पुढं पंखा दिसेनासा झाला होता, टोपणावरच्या कुंकवाचं लालभडक कडं झालं होतं आणि आई ते कडं डोळे न मिटता बघत होती, असं वहिनीनं नंतर सांगितलं. मला मागून काय दिसणार? मला फक्त साहेबांचा हात दिसला. त्यांनी अण्णाला खूण करून जोर कमी करायला लावला, दोर सोडायला सांगितले आणि माझ्याजवळ येऊन कानात ओरडले, "बिड्री सर!" सोडा म्हणत होते.

इतके दिवस धरायची सवय, हात सुटेनात. मग सोडले. विमान किंचित डुललं आणि पट्टीवर पुढं निघालं, अण्णाला घेऊन, आपल्या चाकांवर. कुंपणावरून हमाल उड्या मारून आत आले. धुळीत, शिंकत, मी त्याच्या मागं धावत सुटलो, आणि माझ्या वजनाचा माणूस धावतोय याचं कुणालाच काही वाटलं नाही.