फळीवरचा नीळकंठ

अंबाजोगाईच्या जुन्या बाजारात जलालुद्दीन पेंटरचं दुकान म्हणजे एके काळी नाटकवाल्यांचं माहेर. कंपनी गावात उतरली की सामान उतरवायच्या आधी माणूस त्याच्याकडे धावायचा. महाल पाहिजे? जंगल? चांदण्यातला घाट? नुसतं सांगायचं. पडदा असा उभा करायचा की खुद्द नटाला वाटावं, आता यातून आत चालत जावं. आणि त्याचं मागणं काय, तर, "जाहिरातीचा येक कागद माज्यासाठी ठिवा."

तो कागद दुकानातल्या सागवानी फळीवर चढायचा. नाटकाची जाहिरात, ड्रॉइंग मास्तरांच्या प्रदर्शनाचं पत्रक, मुंबईहून आलेल्या चित्रकाराच्या सत्काराचा फोटो. जे येईल ते आधीच्यावर खळ लावून डकवायचं. पेंटर लोकांची रीतच ती. जुनं कुणी काढत नाही, नवं त्याच्यावरच चढतं. त्याच्या उभ्या हयातीत फळीवर कागदांचा बोटभर जाड थर झाला होता.

आज त्या फळीपुढे पुण्याची तेजश्री बसली होती. गावोगावच्या प्रदर्शनांचे, कलावंतांचे कागद जमवून जपणाऱ्या एका संस्थेत ती कामाला. तिच्या हातात खळ सैल करायचं वाफेचं भांडं होतं आणि जलालुद्दीनची नजर त्या भांड्यावर.

"चाचा, वरचे सगळे नीट निघाले. आता तुम्ही म्हणत होता तो."

पुढचा कागद एका संगीत नाटकाचा होता. त्याच्या पोटाखाली जुलेखाचा नीळकंठ.

जुलेखा त्याची बायको. गावातल्या बायकांच्या चित्रांचं एक प्रदर्शन भरलं होतं, त्याचं पोस्टर तिनं केलं होतं. अक्षरं जलालुद्दीनची, नीळकंठ पाखरू तिचं. निळा रंग संपला होता, तर बाईनं कपड्यांची नीळ सरसात कालवली आणि पंख भरले. वर्षभरात ती तापानं गेली. फोटो नाही, दुसरं चित्र नाही. मागं राहिली रांगती रुबीना आणि फळीवरचं हे पाखरू. पुढच्या हंगामात नाटकाचा कागद आला, तो जलालुद्दीननं रीतीप्रमाणे त्यावर चढवला. झाकलेलं आहे म्हणजे सुखरूप आहे, असंच त्याला आजवर वाटत आलेलं.

पण रुबीना तेव्हा जे दिसेल ते तोंडात घालायची. म्हणून तेवढ्या हंगामापुरतं त्यानं खळीत मोरचूद टाकलं नव्हतं. मोरचूद म्हणजे विष, किडा फिरकत नाही. गेल्या महिन्यात फळीच्या कोपऱ्यात वाळवीची मातीची नळी दिसली, ती नेमकी त्याच थराला भिडलेली. न उघडावं तर वाळवी खाणार. उघडावं तर वाफेनं नीळ विरघळणार.

"मी खोटं सांगणार नाही," तेजश्री म्हणाली. "नीळ पाण्याला टिकत नाही. काय हाती येईल, मला माहीत नाही. नको म्हणालात तर इथंच थांबते."

शेजारचा चहावाला सटवा कप ठेवता ठेवता बोलला, "बे जलाल, धा गावच्या राजांचे मुकुट रंगवले तू, अन् आज कागदाला भ्यायलास व्हय?"

"राजे दुसऱ्यांचे व्हते बे."

 सटवा परत न जाता तिथंच फळीपाशी उभा राहिला.

रुबीना दारात उभी होती. आईचा चेहरा तिला आठवत नव्हता. "अब्बा, वाळवी थांबणार न्हाई. तुमी हो म्हणा."

जलालुद्दीननं होकारार्थी मान हलवली.  पडदे रंगवणारा हा माणूस, पण आजचा पडदा सरकताना बघवेना. त्यानं डोळे मिटले. वाफेचा फुसफुस आवाज, पातळ पट्टी कागदाखाली सरकल्याची खसखस, मग काहीच नाही. 

"चाचा," तेजश्री म्हणाली. "खाली अक्षरं आहेत. पाखरू नाही."

त्यानं डोळे उघडले. फळीवर त्याची लाल अक्षरं ठणठणीत होती आणि मधे नुसता मळकट डाग. तो त्या डागावर बोट फिरवू लागला. सटवाही वाकून बघू लागला.

"थांबा, थांबा," रुबीना पुढं झाली. "ताई, ते हातातलं पालथं करा."

नाटकाच्या कागदाच्या पाठीवर नीळकंठ बसला होता. ओल्या खळीनं तेव्हाच त्याला उचलून घेतलं असावं. पंख पुसट, शेपटीपाशी वाळवीनं खाल्लेलं भोक, पण होता.

जलालुद्दीन बघत राहिला आणि त्याची भीती आणखीच वाढली. "हे तिचं न्हाई."

"अब्बा?"

"ती डावखुरी व्हती. तिचं पाखरू उजवीकडं बघायचं. हे डावीकडं बघतंय. असं तर समदेच काढतेत."

"ठसा उलटा उमटतो, चाचा," म्हणत तेजश्रीनं खिळ्यावरचा दाढीचा आरसा काढून कागदासमोर धरला. आरशात नीळकंठानं मान फिरवली. चोच उजवीकडं, आणि पंखावर ते आडवे, डाव्या हाताचे फटकारे. रुबीना आरशावर इतकी वाकली की तिच्या श्वासानं काच धुरकटली. तिनं ती पदरानं पुसली आणि पुन्हा वाकली.

कागदाच्या कडा वाळून वर वळू लागल्या होत्या. शेपटीजवळची निळी खपली सुटून जलालुद्दीनच्या पायाशी पडली.

"फोटो काढा बाई, फोटो," तो तेजश्रीचा हात धरून पुटपुटत होता. "लवकर. आरश्यातला बी काढा. वाळलं की समदं झडंल."